विरक्तीच्या वाटेवरचे मोर

धर्मसाधनेत इंद्रियसुखाकडे संशयाने पाहण्याची रीत फार जुनी आहे. डोळ्यांना जे गोड वाटते ते मनाला बाहेर ओढते आणि बाहेर ओढलेले मन परमार्थाच्या कामी येत नाही, ही समजूत बौद्ध, जैन, योग आणि भक्ती या एरवी पुष्कळ बाबतींत वेगळ्या असलेल्या मार्गांनी जवळपास सारख्याच ठामपणे सांगितली आहे. तरीही या मार्गांचे वाङ्मय वाचत गेले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ज्यांनी घर सोडले, चांगले वस्त्र सोडले, जिभेचे चोचले सोडले, त्यांनी डोंगर, मेघ आणि पाणी यांवरचे प्रेम मात्र सोडलेले दिसत नाही; उलट ते प्रेम त्यांनी उघडपणे, आणि तेही कवितेत, सांगितले आहे. ही विरक्तीत राहून गेलेली फट समजायची, की निसर्गदृश्याने होणारा आनंद मुळातच वेगळ्या जातीचा आहे असे मानायचे? आणि तो वेगळ्या जातीचा असेल, तर त्यातून कविताच का निघते, नुसते मौन का उरत नाही?

या प्रश्नाला हात घालताना पहिले नाव घ्यावे लागते ते महाकस्सपाचे. पाली त्रिपिटकातील सुत्तपिटकात ‘थेरगाथा’ नावाचा संग्रह आहे आणि त्यात 264 थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंच्या, पद्यरचना आहेत. त्यांतला महाकस्सप हा कडक आचरणासाठी सर्वांत प्रसिद्ध. ‘धुतंग’ म्हणजे भिक्षूने नेहमीच्या नियमांवर आपणहून चढवलेले जादा निर्बंध, जसे की टाकून दिलेल्या चिंध्यांचे वस्त्र वापरणे, भिक्षेत पडेल तेवढेच खाणे, वस्तीबाहेर रानात राहणे. हे निर्बंध पाळणाऱ्यांत बुद्धाने ज्याला अग्रगण्य म्हटले, आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीचे, म्हणजे धर्मवचनांच्या संकलनासाठी भरलेल्या सभेचे, अध्यक्षपद ज्याच्याकडे गेले, तो हा भिक्षू. त्याच्या नावावरच्या गाथांत भिक्षा आटोपून डोंगर चढणारा म्हातारा दिसतो, आणि मग एकामागून एक गाथांत तो डोंगर दिसू लागतो: फुलांच्या माळांनी झाकलेल्या उतारांचा, हत्तींच्या आणि मोरांच्या आवाजांनी भरलेला, निळ्या ढगांच्या रंगाचा, थंड स्वच्छ पाण्याचा. बहुतेक गाथांच्या शेवटी हे खडक मनाला रमवतात असे ध्रुपद येते. चिंध्यांहून चांगले वस्त्र ज्याने अंगाला लागू दिले नाही, त्याने ‘रमणे’ हे क्रियापद इतक्या मोकळेपणाने वापरावे, ही गोष्ट सहज ओलांडून जाण्यासारखी नाही.

या गाथांत एक बारीक तपशील आहे आणि तो पाहणाऱ्याच्या नजरेविषयी बरेच सांगतो. डोंगर इंद्रगोपांनी आच्छादलेला आहे, असे तिथे म्हटले आहे. इंद्रगोप म्हणजे मराठी मुलखात ज्याला मृगाचा किडा म्हणतात तो. वर्षाचा बहुतेक काळ हा जीव जमिनीखाली असतो. पहिल्या पावसाने माती भिजली की वर येतो आणि काही दिवस दिसून पुन्हा नाहीसा होतो. मुगाच्या दाण्याएवढ्या त्याच्या अंगावर दाट लाल लव असते, इतकी मऊ की मखमलीचा तुकडा तुटून ओल्या मातीवर पडला आहे असे वाटावे. बोटाने स्पर्श केला की तो आठही पाय पोटाशी घेऊन गप्प बसतो. नावात किडा असला तरी आठ पायांमुळे तो कोळ्यांच्या कुळात जातो. डोंगर चढणाऱ्या म्हाताऱ्या भिक्षूची दृष्टी शिखरावर आणि मेघावर होती तशीच ती पायाखालच्या या लाल ठिपक्यावरही होती. साधनेने त्याची नजर बोथट झालेली नव्हती. ती धारदार झाली होती, असेच म्हणावे लागते.

मात्र याच पाली वाङ्मयात निसर्गदृश्याचा दुसरा, अगदी उलट उपयोगही नोंदला आहे. भिक्षुणींच्या रचनांच्या ‘थेरीगाथे’त सुभा नावाच्या थेरीची कथा आहे. राजगृहाजवळ जीवकाच्या आमराईत जाणाऱ्या सुभेची वाट एक तरुण अडवतो आणि तिचे मन वळवण्यासाठी वसंताचे वर्णन सुरू करतो. झाडे बहरली आहेत, परागांचा गंध दरवळतो आहे, वाऱ्याने फांद्या हलत आहेत. अशा ऋतूत काषाय वस्त्र कशाला, असे त्याचे म्हणणे. वर्णन म्हणून पाहिले तर त्यात खोट काढता येत नाही. झाडे खरी, गंध खरा, ऋतूही खरा. पण त्या प्रत्येक फुलाला त्याने एक दोरी बांधली आहे आणि दोरीचे दुसरे टोक त्याच्या हातात आहे. तो तिच्या डोळ्यांची स्तुती करतो, तेव्हा सुभा आपला डोळा काढून त्याच्या हातावर ठेवते आणि त्याची वासना जागच्या जागी विझते. कथा भयंकर आहे, आणि ती तशी असण्याला कारण आहे. निसर्ग तोच, पण महाकस्सपाच्या तोंडी जे मोकळेपण होते ते या तरुणाच्या तोंडी आमिष झाले. म्हणजे विरक्तांचा संशय दृश्यावर नव्हताच. दृश्याकडून काय मागितले जाते यावर तो होता.

भारतीय काव्यशास्त्राने निसर्गाला जे स्थान दिले ते पाहता शास्त्रकारांनी या तरुणाचीच बाजू अधिक विचारात घेतलेली दिसते. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’पासून चालत आलेल्या रसविचारात भाव जागा करणाऱ्या कारणांना ‘विभाव’ म्हणतात आणि त्यांचे दोन प्रकार करतात: ज्याच्याविषयी भाव जागा होतो ते ‘आलंबन’, म्हणजे नायक किंवा नायिका, आणि जागा झालेला भाव ज्याने अधिक फुलतो ते ‘उद्दीपन’. चांदणे, उपवन, मेघ, नदीचा काठ हे सारे उद्दीपनाच्या खात्यात जमा होतात. निसर्ग म्हणजे माणसांच्या नाटकाला दिलेली पार्श्वभूमी, असा या मांडणीचा अर्थ होतो, आणि तो अपुरा आहे.

तो किती अपुरा आहे हे गोदावरीकाठच्याच एका प्रसिद्ध गाथेवरून दिसते. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या, महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ या संग्रहातील ती गाथा नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त उदाहरण म्हणून घेतली आणि तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक अलंकारशास्त्रज्ञाने तिच्यावर चर्चा केली. गोदाकाठच्या दाट झाडीत एक धार्मिक गृहस्थ फुले वेचायला येतो. तीच झाडी एका स्त्रीची प्रियकराला भेटण्याची जागा आहे. ती त्याला सांगते की आता खुशाल हिंड, तुला भिववणाऱ्या त्या कुत्र्याला झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारून टाकले. वरवर परवानगी आणि आत मनाई, असा हा ‘ध्वनी’, म्हणजे शब्दांच्या सरळ अर्थापलीकडे सूचित होणारा अर्थ. शास्त्रकारांचे सारे लक्ष या सूचनेच्या चातुर्यावर राहिले आणि ते योग्यच होते. पण गाथेतली दोन्ही माणसे त्या झाडीत कशासाठी येतात हेही एकदा पाहावे. गृहस्थाला पूजेसाठी फुले हवी आहेत आणि स्त्रीला आडोसा. एकाचे काम पुण्याचे, दुसरीचे प्रेमाचे, पण झाडी दोघांच्याही दृष्टीने कामापुरती आहे. नदीचा काठ, वेळूचा गारवा, पाण्यावरून येणारा वारा यांच्याकडे दोघांपैकी कोणीही पाहत नाही. पाहणारा एकच आहे, आणि तो म्हणजे ती गाथा रचणारा कवी.

या अडचणीतून वाट काढण्याची साधने काव्यशास्त्रातच आहेत, फक्त ती निसर्गासाठी वापरली गेली नाहीत. दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधीवर काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने भरतावर लिहिलेल्या टीकेत रसाच्या आस्वादाला आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले एक विघ्न असे की प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने इतका ग्रासलेला असतो की समोरच्या गोष्टीला त्याच्या मनात शिरायला जागाच उरत नाही. याला उपाय म्हणून नाट्यगृहात वाद्ये, गाणे आणि मंडपाची सजावट असते, ज्यांनी रंजित होऊन रुक्ष माणूससुद्धा ‘सहृदय’ होतो, असे तो म्हणतो. सहृदय म्हणजे ज्याचे हृदय समोरच्या गोष्टीशी एकरूप होऊ शकते असा रसिक. हाच अभिनवगुप्त ‘तंत्रालोका’त, म्हणजे शैव साधनेच्या ग्रंथात, त्या शब्दाचा अर्थ आणखी खोल नेतो: गोड गाणे कानी पडले किंवा चंदनाचा स्पर्श झाला की मनातला तटस्थ कोरडेपणा गळून पडतो आणि हृदयात जे स्पंदन उठते तीच आनंदशक्ती, आणि ती असते म्हणूनच माणसाला सहृदय म्हणतात. काव्याचा रसिक आणि शिवाचा साधक यांना एकाच शब्दाने ओळखणारा हा विचार निसर्गदृश्याच्या अगदी उंबऱ्यापर्यंत येऊन थांबतो. नाट्यगृहातला मंडप आणि मृदंग जे काम करतात तेच काम एखादी दरी किंवा एखादे तळे करू शकते का, हा प्रश्न तिथून पुढे सहज उभा राहतो.

त्याचे उत्तर मराठीत दिले गेले, आणि ते शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायात. गीतेच्या मूळ श्लोकात योगाभ्यासाच्या जागेविषयी एवढेच आहे की ती शुद्ध असावी. ज्ञानेश्वरांनी त्या एका विशेषणावर पंधरा-वीस ओव्या रचल्या आणि जी जागा उभी केली तिच्याइतके विलक्षण निसर्गवर्णन जुन्या मराठीत क्वचितच सापडेल. तिथे मुळापासून गोड आणि सदा फळणारी झाडे आहेत, पावलोपावली पाणी आहे आणि ते पावसाळ्यातही गढूळ होत नाही, ऊन बोचत नाही, वारा हळू आहे, बहुतेक निःशब्दता आहे. या जागेचे काम काय, तर जो कुठे टिकत नाही त्याला ती टिकवते, भटकणाऱ्याला बसवते आणि निजलेल्या विरक्तीला थोपटून उठवते. सर्वांत धीट विधान याच्या मागेपुढे येते: पाखंडी माणसालाही ही जागा पाहून तप करावेसे वाटेल, आणि विलासात बुडालेल्यालासुद्धा राज्य टाकून इथेच निवांत राहावे असे पाहताक्षणी वाटेल. अभिनवगुप्ताने नाट्यमंडपाला जे सामर्थ्य दिले, की रुक्षालाही तो सहृदय करतो, तेच सामर्थ्य ज्ञानेश्वरांनी एका पाणवठ्याला आणि चार झाडांना दिले. इथे निसर्ग कोणाच्याही शृंगाराचे उद्दीपन करत नाही. उलट शृंगारी माणसाला तो शांत रसाकडे वळवतो. सुभेची वाट अडवणारा तो तरुण या जागी आला असता तर काय झाले असते, असा विचार या ओव्या वाचताना मनात आल्याशिवाय राहत नाही.

या वर्णनाच्या शेवटाकडे एक सूक्ष्म जागा आहे. साधनेच्या जागी वर्दळ नको म्हणून ज्ञानेश्वर श्वापदांना बाहेर ठेवतात, पोपट आणि भुंगेही नकोत म्हणतात. मग पाण्याकाठी हंस चालतील, दोन-चार सारस चालतील, कधीमधी एखादा कोकीळही बसला तर बसू दे, अशी सूट देतात. आणि शेवटी मोर. नेहमी नव्हे, पण आले-गेले असे काही मोर असले तर त्यांना नकार द्यायचा नाही, असे ते जवळजवळ पुटपुटल्यासारखे म्हणून जातात. या ओवीत तत्त्वज्ञाचा नियम आणि कवीचे मन एकमेकांशी बोलताना ऐकू येतात. साधकाचे लक्ष विचलित होईल म्हणून एकेक गोष्ट वगळत आलेल्या हाताला मोर वगळवत नाहीत. हा हात काही सैल पडलेला नाही. आले-गेले मोर ही अट नीट वाचली पाहिजे. मोर पाळलेले नाहीत, बोलावलेले नाहीत, ते थांबावेत अशी अपेक्षाही नाही. जे येते तसे येऊ द्यायचे आणि जाते तसे जाऊ द्यायचे, ही वृत्ती असेल तर डोळ्यांचे सुख साधनेला बाधत नाही, हा सबंध सिद्धांत त्या एका परवानगीत सामावला आहे.

शैव परंपरेतल्या ‘विज्ञानभैरव’ या छोट्या ग्रंथात तर निसर्गदृश्य हे थेट साधनेचे दार मानले आहे, आणि तिथले दृश्य रम्यही नाही. झाड नाही, डोंगर नाही, भिंत नाही अशा उघड्या जागेवर दृष्टी टाकावी, टेकायला आधार न मिळाल्याने मनाच्या वृत्ती विरून जातात, असे तिथे सांगितले आहे. कोकणातला किंवा सह्याद्रीच्या माथ्यावरचा सडा ज्यांनी वैशाखात पाहिला आहे त्यांना हे वर्णन समजावून सांगावे लागत नाही. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे, सपाट पठार. उन्हाळ्यात त्यावर नजरेला धरायला काही नसते, काळसर तांबडा खडक आणि वरचे आभाळ एवढेच. त्याच सड्यावर श्रावण-भाद्रपदात पाणी झिरपते आणि बोटभर मातीच्या थरावर फुले येतात. त्यांत जेमतेम नखाएवढे, जांभळट निळे एक फूल असते. त्याच्या रोपाला खरी मुळे नसतात. ओल्या मातीत बारीक पिशव्या असतात आणि एखादा सूक्ष्म जीव जवळ येताच डोळ्याचे पाते लवण्याच्या आत त्या त्याला आत ओढून घेतात, कारण जांभ्यावरच्या त्या निकस मातीतून पुरेसे पोषण मिळत नाही. या फुलांना लोक ‘सीतेची आसवं’ म्हणतात. हे नाव कोणी दिले याची नोंद असण्याचे कारण नाही. गुरांमागे हिंडणाऱ्या किंवा सड्यावरून पलीकडच्या गावी जाणाऱ्या कुणाला तरी ओल्या खडकावरचे ते निळे थेंब पाहून वनवासातली सीता आठवली असणार. एका दृश्याने कवितेला जन्म कसा दिला हे याहून जवळून पाहता येणार नाही. नाव म्हणजे दोन शब्दांची कविताच आहे, तिला कर्ता नाही, आणि आज कासच्या पठारावर जाणारे जे हजारो लोक ती फुले पाहतात ते त्या अनाम कवीचे वाचकही होतात.

इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. आनंदासाठी मागणे थांबावे लागते असे म्हटले, तर ज्यांचे पोट त्या जमिनीवर आहे त्यांना हा आनंद वर्ज्य ठरतो का? इमॅन्युएल कांटने 1790 च्या आपल्या ग्रंथात सौंदर्याचा आनंद हा हेतुनिरपेक्ष असतो, म्हणजे वस्तू आपली व्हावी किंवा उपयोगी पडावी या इच्छेपासून सुटलेला असतो, असे मांडले, आणि त्या मांडणीचा सोपा अर्थ असा घेतला गेला की शेतकऱ्याला पीक दिसते आणि दृश्य फक्त प्रवाशाला दिसते. मराठी कवितेने हा अर्थ खोटा ठरवला आहे. जळगावजवळच्या असोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरात काम करताना त्यांनी गाणी रचली, घरच्यांनी ती उतरवून घेतली आणि 1951 मध्ये झालेल्या त्यांच्या निधनानंतर ती पुस्तकरूपाने आली. पळसखेडच्या ना. धों. महानोरांचा पहिला संग्रह ‘रानातल्या कविता’ 1967 चा, आणि तो नांगर हाती धरणाऱ्या कवीचा आहे. या दोघांच्या कवितेत पेरणी, पीक, पाऊस हे सारे उपयोगाचेच आहे, तरी आनंद कमी नाही.

याचा उलगडा सतराव्या शतकातल्या जगन्नाथ पंडिताच्या एका भेदाने होतो. शहाजहानच्या दरबारी मान मिळालेल्या या पंडिताने ‘रसगंगाधरा’त काव्याची व्याख्या रमणीय अर्थ सांगणारे शब्द अशी केली आणि रमणीयतेच्या आनंदाला लोकोत्तर, म्हणजे नेहमीच्या व्यवहारातल्या सुखापलीकडचा, म्हटले. तुला मुलगा झाला किंवा तुला पैसे देतो हे ऐकूनही आनंद होतो, पण तो लोकोत्तर नव्हे. लोकोत्तर आनंद ‘भावने’तून येतो, आणि भावना म्हणजे त्या अर्थाचे पुन्हा पुन्हा केलेले चिंतन. पाऊस आला, आता पीक तरेल, हा आनंद पहिल्या प्रकारचा आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण पीक तरणार हे कळून झाल्यावरही शेतकरी बांधावर उभा राहतो, पाहतो, पुन्हा पाहतो. हिशेब संपल्यानंतरचे ते पाहणे दुसऱ्या प्रकारचे आहे. मागणे थांबणे आणि नाते नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमिनीशी ज्याचे नाते जन्माचे आहे त्याचे मागणे क्षणभर थांबले, तर त्याला जे दिसते ते पाहुण्याच्या दृष्टीला, ती कितीही निरपेक्ष असली तरी, दिसणार नाही.

जगन्नाथ पंडित दिल्लीच्या दरबारात वावरत होता त्याच काळात देहूला तुकाराम होते, आणि त्यांच्यापाशी हा प्रश्न सर्वांत अवघड रूपात येतो. 1630 ते 1632 या काळात दख्खनमध्ये जो दुष्काळ पडला त्यात तुकारामांचा व्यापार बुडाला आणि त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, असे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितले आहे. पाऊस न देणारे ते आभाळ मावळच्या डोंगरांवरचेच होते. पुढे तुकाराम एकांतासाठी गेले ते भामचंद्र आणि भंडारा या देहूच्या परिसरातल्या डोंगरांवर, जिथे प्राचीन कोरीव लेणी आहेत. झाडांना आणि वेलींना आप्त म्हणणारा त्यांचा अभंग आज शाळेच्या फळ्यांवर आणि वृक्षारोपणाच्या फलकांवर इतका आढळतो की तो कोणी लिहिला याचा विसर पडावा. ज्याचे घर निसर्गाच्या कोपाने मोडले त्याने ‘सोयरा’ हा नात्यागोत्याचा शब्द झाडांसाठी वापरला, हे ध्यानात घेतले की त्या शब्दाचे वजन बदलते. सोयऱ्याकडून नेहमी सुखच मिळते असे कोणी मानत नाही. सोयरा रुसतो, दुखावतो, कधी पाठही फिरवतो, तरी तो सोयराच राहतो. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर खचून दीडशेहून अधिक माणसे गेली. ज्या डोंगराने हे केले त्याच्याकडे पुन्हा आनंदाने पाहता येईल का, या प्रश्नाला सौंदर्यशास्त्रात उत्तर नाही. तुकारामांच्या त्या एका शब्दात थोडेसे आहे, कारण तो शब्द डोंगर दयाळू आहे असे सांगत नाही, एवढेच सांगतो की तो परका नाही.

त्याच अभंगात वारा वेळेची जाणीव देतो असे म्हटले आहे. एकांतातल्या माणसाला घटका मोजण्याचे साधन नको, अंगावरच्या वाऱ्यावरून त्याला प्रहर कळतो. आणि अभंगाच्या अखेरीस तुकाराम डोंगरावरून निघून स्वतःच्या मनाशी चाललेल्या संवादाकडे येतात. निसर्गदृश्यातून कविता का निघते या प्रश्नाचा धागा इथे सापडतो. जे दृश्य घेता येत नाही, घरी नेता येत नाही, थांबवताही येत नाही, त्याने भरून आलेल्या मनाला करता येण्यासारखी एकच कृती उरते, ती म्हणजे सांगणे. आधी स्वतःला आणि मग दुसऱ्याला. काव्यशास्त्रज्ञ भट्टनायकाने ज्याला ‘साधारणीकरण’ म्हटले, म्हणजे एकट्याचा अनुभव व्यक्तिगत मालकीतून सुटून सर्वांचा होणे, ते निसर्गदृश्यात अर्धे आधीच झालेले असते, कारण डोंगरावर कोणाच्याच भावनेची मालकी नसते. उरलेले अर्धे शब्द करतात. तुकाराम एकांतासाठी डोंगर चढले आणि कीर्तनासाठी खाली देहूत उतरले, या दोन गोष्टींमध्ये म्हणूनच विरोध नाही.

शब्दांनी हे काम किती थोडक्यात करता येते ते बालकवींच्या ‘औदुंबर’मध्ये दिसते. अवघ्या आठ ओळींत त्यांनी निळा ओढा, हिरवी शेते, पांढरी पायवाट आणि काळा डोह असे रंग एकेक करून मांडले, पाण्यात पाय सोडून बसलेले एक झाड दाखवले आणि कविता संपवली. आनंद झाला की दुःख, हे कवितेत सांगितलेले नाही. समीक्षकांनी त्या झाडात कधी विरागी पाहिला, कधी उदास मन पाहिले; औदुंबर हे दत्ताचे झाड असल्याने त्याच्याभोवती आधीच एक पावित्र्य आहे, त्याचाही विचार झाला. या सगळ्या वाचनांना ती कविता जागा देते आणि कोणत्याही एकापाशी थांबत नाही. 1918 मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात गेलेल्या या कवीने उघड आनंदाची गाणीही लिहिली आहेत, पण न मागणारी दृष्टी म्हणजे काय हे पाहायचे असेल तर या आठ ओळींकडेच यावे लागते. त्या झाडाला कवीने काहीही विचारलेले नाही.

थेरगाथेत सप्पक नावाचा आणखी एक थेर आहे. तो अजकरणी नावाच्या नदीकाठी राहत असे. आप्तांनी त्याला आपल्याजवळ राहण्याचा आग्रह केला तेव्हा त्याने आपल्या गाथा म्हटल्या, असे परंपरा सांगते. त्यात काळा मेघ येतो आहे, भेदरलेली बगळी आपले पांढरे पंख पसरून आसरा शोधत उडते आहे, नदीच्या दोन्ही तीरांवर जांभळाची झाडे आहेत. मग बेडूक ओरडू लागतात, सापांची भीती नसल्याने निवांत, मंद सुरात. डोंगरातल्या नद्या सोडून जाण्याची ही वेळ नव्हे, अजकरणी सुरक्षित आहे, सुंदर आहे, असे सांगणारे शब्द त्या भिक्षूने स्वतःच्या तोंडी घातलेले नाहीत. आप्तांच्या आग्रहाला द्यायचे उत्तर त्याने बेडकांना देऊ दिले आहे.